टक्का म्हणजे किती ग्रॅम?



चुनखडीच्या रानात खोडव्याला केवडा पडतो, पाने पिवळी-पांढरी होतात. मग शेतकी खाते सांगते, "हिराकसाची अर्धा टक्का फवारणी घ्या." रानात मात्र कुणी पंपाला एक मूठ टाकतो, कुणी दोन. मुठीला माप नसते. द्रावण हलके झाले तर मजुरी वाया. कडक झाले तर पाने करपतात.

हिशेब सोपा आहे. एक टक्का म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो, म्हणजेच लिटरला १० ग्रॅम. टक्क्याला १० ने गुणा, मग पंपाच्या लिटरने गुणा. अर्धा टक्का म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, २०० लिटरच्या बॅरलला १ किलो.

हिराकस आधी प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात विरघळवा, गाळून पंपात ओता, मग पाणी पुरे करा. द्रावण रोजचे रोज करा. शिळे होऊन तांबूस पडले की त्यातले लोह पिकाला नीट लागू होत नाही.

दुकानातच तराजूवर ७५-७५ ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्या. एका पंपाला एक पुडी, म्हणजे गड्याचीही चूक व्हायची नाही.

— ऊस विकास अधिकारी