हौदाशी मोजलेले पाणी

पाणचक्कीच्या हौदाकाठी, नहरीला पाणी वाहते असते अशा दिवसांत, क्षणभर उभे राहिले तर उंच भिंतीवरून कोसळणाऱ्या धारेचा गारवा अंगावर येतो. परंतु त्याच क्षणी त्या फुटणाऱ्या धारेतून आणखी काही सुटून हवेत मिसळत असते, जे डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. तो कार्बन डायऑक्साइड, जुन्या शालेय पुस्तकांतला कर्बद्विप्राणिल वायू.

मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी वसवली, आणि ज्या शहराला आज आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो त्याची तहान भागवण्यासाठी डोंगरपायथ्याच्या भूजलाचा माग काढून ते भूमिगत नहरीने वस्तीत आणले. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की पुष्कळ नंतरची. पण तिथेही तजवीज तीच, की जमिनीखालचे पाणी मातीच्या झाकलेल्या नळांतून केवळ उताराच्या व दाबाच्या बळावर चालत यावे. हे झाकलेपण रसायनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. उघड्या हवेशी समतोल साधलेल्या लिटरभर पाण्यात हा वायू एक मिलिग्रॅमही भरत नाही. मात्र तेच पावसाचे पाणी मातीत मुरते तेव्हा मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने मातीच्या पोकळ्यांत साचलेला, बाहेरच्या हवेहून अनेक पटींनी अधिक असलेला वायू त्यात विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होते, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना त्यातला कॅल्शियम आपल्याबरोबर घेऊन येते. विहिरीचे दुष्फेन पाणी तापवल्यावर हंड्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, तो याच वायूने आणलेला आणि वायू निघून जाताच मागे राहिलेला चुना होय.

हा वायू आहे की नाही, एवढे चुन्याची निवळी सांगते. ती पांढरी झाली की दाखला मिळाला. किती आहे, हा हिशेब मात्र अनुमापनाने लागतो. शंभर मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे काही थेंब टाकावेत, आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोड्याचा अत्यंत सौम्य विद्राव थेंबाथेंबाने सोडावा. थेंब जिथे पडतो तिथे गुलाबी ढग उठतो आणि काचेची कांडी हळुवार फिरवताच विरून जातो, कारण पाण्यातला मुक्त वायू सोड्याला गिळून त्याचे बायकार्बोनेट करीत असतो. पुढे पुढे तो ढग विरायला वेळ लागू लागतो. अखेर एक थेंब असा येतो की सगळ्या पाण्यावर फिकट गुलाबी छटा पसरते आणि अर्धा मिनिट टिकून राहते. वायूची शिल्लक संपली, पाण्याचा सामू 8.3 च्या आसपास पोहोचला, तिथेच ब्युरेटची तोटी बंद करायची. वायूचा रेणुभार 44, म्हणून सोड्याची तीव्रता एन/44 ठेवतात. तिचा एक मिलिलिटर बरोबर एक मिलिग्रॅम वायूला पुरतो, आणि शंभर मिलिलिटरच्या नमुन्याला दोन मिलिलिटर लागले तर लिटरमागे वीस मिलिग्रॅम अशी सरळ रुजवात होते.

कृती इतकी सोपी असूनही आकडे चुकतात, आणि माझ्या मते त्याचे मुख्य कारण घाई नसून अंतर आहे. बाटली हलली, अर्धी रिकामी राहिली, उन्हात तापली, की वायू निघून जातो आणि प्रयोगशाळेत पोहोचते ते वेगळेच पाणी. म्हणून नळी बाटलीच्या तळाशी सोडून पाणी ओसंडेपर्यंत भरावे, बुडबुडा राहू देऊ नये, आणि शक्य तर मोजणी जागेवरच करावी. सोड्याचा विद्रावही निर्धोक नव्हे. तोही हवेतला हाच वायू शोषून दुबळा होतो, सबब तो उकळून गार केलेल्या पाण्यात ताजा बनवावा लागतो. शिवाय कारखान्याच्या सांडपाण्यातले एखादे आम्ल नमुन्यात असेल, तर सोडा त्याच्यावरही खर्ची पडतो आणि तो खर्च निष्कारण वायूच्या खाती मांडला जातो.

कधी दर्शक टाकताच पाणी गुलाबी होते. तिथे मुक्त वायू मुळीच नाही असे समजावे. लोणारच्या अल्कधर्मी सरोवराचे पाणी असे आहे. शेवाळाने भरलेल्या तळ्यातही दुपारी असे घडू शकते, कारण हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशात हा वायू वापरून टाकतात आणि रात्रभराच्या श्वसनाने तो पहाटेपर्यंत पुन्हा साचतो.

आज शहर पैठणच्या नाथसागराचे पाणी पिते. जायकवाडीचे ते धरण 1976 मध्ये पूर्ण झाले. गढूळ पाणी निवळण्यासाठी तुरटी घातली की पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून हाच वायू मोकळा होतो, आणि तो अधिक राहिला तर लोखंडी नळांना हळूहळू खाऊ लागतो. जलशुद्धीकरणाच्या दप्तरात या आकड्याची नोंद अशा कारणांसाठी हवी.

आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी रीतसर परवानगी घेऊन एकदा ब्युरेट पाणचक्कीवर न्यावी. नहरीतून बाहेर पडणारे पाणी धार फुटण्यापूर्वी जिथे मिळेल तिथे एक नमुना घ्यावा, हौदातला दुसरा घ्यावा, दोन्ही तिथेच मोजावेत, आणि आकड्यापुढे तारीख, वेळ व पाण्याचे तापमान लिहून ती वही पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी.