कॉरायव्हल: एकाच पाटावरचे दोघे

इंग्रजी शब्दकोशात ‘कॉरायव्हल’ आजही सापडतो. शेजारी ‘जुना, अप्रचलित’ अशी खूण आणि अर्थ ‘रायव्हल’, म्हणजे प्रतिस्पर्धी. शेक्सपिअर वाचणाऱ्यांखेरीज फारशी कुणाशी त्याची गाठ पडत नाही. पण ज्यांची पडते, ते बहुतेक दोनपैकी एका बाजूला घसरतात. कुणाला वाटतं, सुरुवातीला ‘को’ आहे म्हणजे हा सहकारीच असणार. कुणाला वाटतं, शब्दकोशाने प्रतिस्पर्धी म्हटलं आहे म्हणजे तो शत्रूच. दोन्ही अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं आहे.

आधी जन्मदाखला बघू. शब्द शेक्सपिअरने घडवलेला नाही. लॅटिनमध्ये ‘कॉरिवालिस’ होता, फ्रेंचमध्ये ‘कॉरिवाल’ होता आणि सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला. शेक्सपिअरने त्याचं काय केलं, ते मात्र बघण्यासारखं आहे. ‘चौथा हेन्री’ या नाटकाचा पहिला भाग 1598 साली छापला गेला. त्यात तापट हॉटस्पर मानसन्मानाच्या गोष्टी करतो. सगळी प्रतिष्ठा एकट्याने मिरवायची, शेजारी कुणी ‘कॉरायव्हल’ नको, असं तो म्हणतो आणि लगेच पुढे अर्ध्यामुर्ध्या भागीदारीला शिव्या घालतो. म्हणजे त्याला खुपतो आहे तो वाटेकरी. त्याच नाटकात पुढे यॉर्कचा आर्चबिशप राजाच्या बाजूने उभे राहिलेले सरदार मोजतो: युवराज, वेस्टमोरलँड, ब्लंट, आणि असे आणखी कितीतरी ‘कॉरायव्हल’. इथे भांडणाचा मागमूस नाही. हे सगळे एकाच झेंड्याखालचे बरोबरीचे साथीदार आहेत.

मग लेखकाची गफलत झाली का? नाही. त्या काळात दोन्ही अर्थ चालत होते, आणि ते या एकाच शब्दापुरते नव्हते. आज ‘कॉम्पिटिटर’ म्हणजे स्पर्धक. ‘तिसरा रिचर्ड’मध्ये मात्र बंडखोरांना येऊन मिळणाऱ्या माणसांना हाच शब्द लावला आहे. ‘अँटनी आणि क्लिओपात्रा’मध्ये सीझर लेपिडसला ‘रायव्हॅलिटी’ नाकारतो, म्हणजे वैर नव्हे, विजयातला वाटा नाकारतो. सगळ्यात बोलका पुरावा ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच प्रवेशात आहे. पहारेकरी बर्नार्डो आपल्या पहाऱ्यावरच्या जोडीदारांना ‘रायव्हल्स’ म्हणतो. 1603 च्या पहिल्या छापील प्रतीत त्याच जागी ‘पार्टनर्स’ असा शब्द आहे. पुढच्या, अधिक विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या प्रतीत ‘रायव्हल्स’. आजच्या वाचकाला धक्का बसतो, पण निदान त्या ओळीत तरी दोन्ही शब्दांनी एकच काम भागत होतं.

हे दोन अर्थ एका पोटात कसे मावले, याचं उत्तर रोमन शेतात आहे. तिथेही एक गैरसमज वाट अडवून बसलेला असतो: नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे ठाकलेले वैरी ते ‘रायव्हल’. चित्र छान आहे, पण लॅटिन ‘रिवुस’ म्हणजे मोठी नदी नव्हे. तो ओहोळ, आपल्याकडचा पाट. ‘रिवालिस’ म्हणजे त्या पाटावरचा हक्कदार. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेला कायदेपंडित उल्पियन पाणीवाटपाच्या तंट्यांबद्दल लिहिताना ‘रिवालिस’ची व्याख्याच देतो: एकाच पाटातून पाणी नेणारे. त्याचं हे विवेचन 533 साली जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात आलं, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचलं.

पाट एक म्हटला की भांडण आलंच, पण पाट एक म्हटला की गाळही मिळूनच काढावा लागतो. 1993 साली स्पेनमध्ये सारागोसाजवळ आगोन इथे एक ब्राँझचा पत्रा सापडला. सम्राट हेड्रियनच्या काळातले पाटाचे नियमच त्यावर कोरलेले आहेत: पाट दुरुस्त आणि साफ ठेवायची जबाबदारी ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे, आणि कसूर केली तर दंड. आफ्रिकेतल्या लामास्बाच्या, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या, तिसऱ्या शतकातल्या शिलालेखात तर शेतकऱ्यांची नावं देऊन कुणाला किती तास पाणी, हेही लिहून ठेवलं आहे. पाळी चुकवून रात्री दुसऱ्याचं पाणी आपल्या शेतात वळवणारा आणि सकाळी त्याच्याच शेजारी फावडं घेऊन गाळ उपसणारा माणूस एकच असू शकतो, हे ज्याने कधी पाटाच्या पाण्यावर दारं धरली आहेत त्याला सांगायला नको.

मग प्रेमातला प्रतिस्पर्धी? तो अर्थ इंग्रजांनी चिकटवला, असंही ऐकू येतं. तेही खरं नाही. उल्पियनच्या चारशे वर्षं आधी, इ.स.पूर्व 200 मध्ये रंगभूमीवर आलेल्या प्लॉटसच्या ‘स्टिकस’ या विनोदी नाटकात दोन गुलाम एकाच मुलीवर फिदा आहेत. ते एकमेकांचे ‘रिवालिस’ आहेत, तरी एकाच पेल्यातून पितात, नाचतात, आणि आपल्या या दोस्तीचीच त्यांना गंमत वाटते. म्हणजे ‘पाण्यावरून प्रेमावर, मग वैरावर’ अशी सरळ शिडी मांडायची सोय नाही. हातात असलेल्या पुराव्यात प्रेमाचा अर्थ कायद्याच्या व्याख्येपेक्षा जुना निघतो.

मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये. भाऊबंद म्हणजे आपलेच लोक, आणि भाऊबंदकी म्हणजे काय, ते बांधाबांधावर माहीत आहे. संस्कृतातला ‘भ्रातृव्य’ हा शब्द पुतण्यालाही लागतो आणि शत्रूलाही. पाणिनीने त्यासाठी लागोपाठ दोन सूत्रं दिली आहेत.

शेवटी नातेवाइकांचा घोळ. ‘रायव्हल’, ‘रिव्हर’ आणि ‘अरायव्हल’ दिसायला सख्खी भावंडं वाटतात. पण ‘रिव्हर’ आणि ‘अराइव्ह’ लॅटिन ‘रीपा’पासून आले, आणि रीपा म्हणजे काठ. अराइव्ह होणं म्हणजे मुळात काठाला लागणं. ‘रिवुस’च्या घरातला खरा भाऊ आहे ‘डिराइव्ह’: पाटातून पाणी वळवून घेणं हा त्याचा मूळ अर्थ. कृष्णेच्या पाण्यासाठी 1969 पासून लवादांपुढे येत राहिलेली महाराष्ट्रासारखी राज्यं खरं तर एका पाण्याचे वाटेकरी, उल्पियनच्या व्याख्येच्या सगळ्यात जवळची. कायद्याची भाषा मात्र त्यांना ‘रायपेरियन’ म्हणते, आणि तो शब्द काठाच्या घरातला आहे.