चित्रग्रीव पडद्यावर येतो तेव्हां

वैशाखाच्या सुटींत आमच्या घरीं माणसांस तोटा नसतो. पुण्याहून, नाशकाहून मुलें, सुना, नातवंडें येतात. माजघरांत अंथरुणें या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतात. आणि गळीत हंगाम आटोपलेला असल्यामुळें, एरवीं उसाच्या गाड्यांच्या घरघरीनें भरून जाणारी सोमेश्वरनगरची रात्र तेवढे दिवस शांत असते. अशाच एका रात्रीं वीज गेली. मुलांच्या हातांतले फोन अगोदरच मान टाकून बसले होते. तेव्हां मीं कंदील लावला आणि फडताळांतून नीतिकथांचें जुनें चित्रमय पुस्तक काढलें. त्याची शिवण मींच दोनदां घातली आहे, आणि कोपरे तीन पिढ्यांच्या बोटांनीं गोल झाले आहेत.

गोष्ट निघाली ती कपोतराज चित्रग्रीवाची. तांदुळाचे कण, जाळें, सर्व पारव्यांचें एकदम उड्डाण, आणि मागें धांवणारा व्याध. हें उड्डाणाचें चित्र त्या पुस्तकांत दोन पानांवर पसरलें आहे. तेथें मी नेहमीं थांबतों. पुढचें पान उलटायचें तें मुलानेंच, असा आमच्याकडे दंडक आहे. सात वर्षांच्या धाकट्या नातवानें पान उलटलें, बिळाच्या तोंडाशीं बसलेला हिरण्यक उंदीर पाहिला, आणि म्हणाला, "आजोबा, हें पुस्तक चुकलें आहे. उंदीर एक नव्हता, पुष्कळ होते. आणि पारवे नव्हते, चिमण्या होत्या."

चाळीस वर्षें मुलांच्या चुका काढण्यांत घालविलेल्या माणसास हें ऐकून काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, सूनबाईनें त्याला आपल्या फोनवर एक जुना बोलपट दाखविला होता. नांव ऐकतांच मला ओळख पटली. 'एक, अनेक और एकता'. ज्यांच्या घरीं दूरदर्शनचा संच होता, किंवा ज्यांच्या शेजाऱ्याकडे तो होता, अशा आमच्या पिढीच्या बहुतेकांस हा चित्रपट ठाऊक आहे. मीही तो शेजाऱ्यांच्या ओसरीवर उभ्यानें पाहिलेला आहे.

हें काम मुख्यतः एका मराठी स्त्रीचें आहे, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस माहीत असते. विजया मुळे (1921 ते 2019) यांचा जन्म मुंबईचा. ओळखीच्या लोकांत त्यांना 'अक्का' म्हणत. चित्रपटसृष्टींत पुढें नांव मिळविलेल्या सुहासिनी मुळे या त्यांच्याच कन्या. 1974 सालीं फिल्म्स डिव्हिजनतर्फे निघालेल्या या चित्रपटाची कल्पना आणि दिग्दर्शन अक्कांचें. चित्रांत जीव ओतण्याचें काम भीमसेन यांचें. आणि संगीत वसंत देसाई यांचें. हे देसाई म्हणजे कुडाळाजवळच्या सोनवड्याचे, प्रभात कंपनींत उमेदवारी केलेले, आणि ज्यांनीं 1953 च्या 'श्यामची आई' या चित्रपटास संगीत दिलें तेच. हा चित्रपट निघाल्यावर पुढच्याच वर्षीं, 1975 च्या डिसेंबरांत, त्यांना अपघाती मृत्यु आला. त्यांतील बाळस्वर साधना सरगम यांचा आहे, ही माहिती सूनबाईनें पुरविली. शैक्षणिक चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. सारा खेळ सुमारें सात मिनिटांचा. परंतु या सात मिनिटांमागचे कष्ट मोजून पाहावे असे आहेत. चित्रपटाच्या फितीवर दर सेकंदास 24 चित्रें लागतात. म्हणजे सात मिनिटांस 10,080. एकेक चित्र दोन वेळां टिपून काटकसर केली, तरी पांच हजारांवर चित्रें होतात.

आतां माझ्या तक्रारीकडे वळतों. हितोपदेशांत ही कथा आपल्या गोदावरीच्या तीरीं, एका विशाल सांवरीच्या वृक्षापाशीं सुरू होते. (हिरण्यकाचें बीळ मात्र गंडकीच्या तीरीं आहे. गोदेपासून गंडकीपर्यंत जाळ्यासह उडत गेलेल्या त्या पारव्यांच्या पंखांबद्दल नारायण पंडितांस एखाद्या विद्यार्थ्यानें प्रश्न केला नसेल काय, असें मला वर्गांत पुष्कळदां वाटे.) निर्जन वनांत तांदूळ कोठून आले, अशी शंका चित्रग्रीवच प्रथम काढतो. त्याचें कोणी ऐकत नाहीं. सर्व सांपडतात आणि ज्यानें खालीं उतरण्याचा आग्रह धरला त्याला दोष देऊं लागतात. तेव्हां ज्याचें ऐकलें गेलें नव्हतें तो राजाच त्या अपराध्याची बाजू घेतो, आणि ही दोष देण्याची वेळ नव्हे, उपाय करण्याची आहे, असें बजावतो. पुढें मित्र हिरण्यक त्याचे पाश तोडावयास येतो, तर हा म्हणतो, अगोदर माझ्या आश्रितांचे तोड, माझे मागाहून. उंदीर म्हणतो, माझे दांत नाजूक आहेत, सर्वांचे पाश तुटतीलच असा भरंवसा नाहीं. तरीही राजा हटत नाहीं. ही गोष्ट मीं पंचवीस तुकड्यांस तरी शिकविली असेल, आणि प्रत्येक वेळीं या जागीं माझा आवाज किंचित् बदलत असे.

चित्रपटांत यांतलें कांहींच नाहीं. राजा नाहीं, शंका नाहीं, दोष देणारे नाहींत, आणि 'माझे मागाहून' म्हणणारा कोणी नाहीं. पक्षी एकजुटीनें उडतात, गांवाजवळ राहणारे त्यांचे मित्र उंदीर जाळें कुरतडतात, आणि संपलें. पारव्यांच्या चिमण्या झाल्या याबद्दल मी बोलत नाहीं. हिंदींत 'चिडिया' म्हणजे कोणताही लहान पक्षी, आणि नातवानें तिचा अर्थ मराठी कानानें लावला. पण राजा नाहींसा व्हावा हें मला सोसवेना, आणि वीज आल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं मीं सूनबाईपाशीं तें बोलून दाखविलें.

ती म्हणाली, "मामंजी, त्यांना सात मिनिटांत एकच गोष्ट सांगायची होती. सगळ्यांनीं मिळून केलें, ही. राजा ठेवला असता तर एकानें सांगितलें आणि बाकीच्यांनीं ऐकलें, असें झालें असतें. मग ती एकता कसली? ती आज्ञा झाली."

मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. रात्रीं मीं हितोपदेश उघडून पाहिला, तर हिरण्यकास तेथें 'मूषकराज' म्हटलेलें आढळलें. राजा म्हटला म्हणजे प्रजा आलीच. तेव्हां उंदीर पुष्कळ होते हें नातवाचें म्हणणेंही अगदींच निराधार ठरेना. संस्कृताच्या अभिमान्यास संस्कृतानेंच असें उघडें पाडावें, हा प्रसंग मोठा मौजेचा. सकाळीं मीं तो मुलांना सांगितला, तेव्हां नातवाची छाती दोन बोटें फुगली.

दुसरे दिवशीं मीं तो चित्रपट लक्ष देऊन तीन वेळां पाहिला. तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली, जी शेजाऱ्यांच्या ओसरीवर मुळींच आली नव्हती. त्यांत गोष्ट सांगणारी एक ताई आहे, आणि भोंवतीं मुलें आहेत. तीं मुलें तिला सारखीं अडवितात. अनेक म्हणजे काय? व्याध म्हणजे कोण? त्यानें पक्ष्यांना पकडलें का? आणि ताई प्रत्येक वेळीं थांबून उत्तर देते. आपण मांडीवर मूल घेऊन पुस्तक वाचतों तेव्हां हेंच होतें. पुस्तकाचें पान मुलाच्या हातीं असतें. त्याला हवें तितका वेळ तें चित्राकडे पाहूं शकतें, पानाच्या कोपऱ्यांतल्या मुंगळ्यावर बोट ठेवूं शकतें, मागें जाऊं शकतें. चित्रपट कोणासाठीं थांबत नाहीं. हा या दोन कलांमधला खरा भेद होय, आणि पुस्तकाचा चित्रपट करणारे पुष्कळसे लोक त्यापाशींच ठेंचाळतात. अक्कांनीं युक्ति अशी केली कीं, थांबणें आणि विचारणें हेंच चित्रपटाच्या आंत घेतलें. म्हणून तो पाहतांना मूल मुकाट बसून राहत नाहीं. पडद्यावरच्या मुलाबरोबर तेंही विचारतें.

ठेंचाळण्याचें उदाहरण द्यावयाचें तर परदेशचें देतों. अमेरिकेंत 1936 सालीं 'फर्डिनांड' नांवाचें एक लहानसें पुस्तक निघालें. शब्द मन्रो लीफ यांचे, चित्रें रॉबर्ट लॉसन यांचीं. एक वळू आहे. त्याला झुंजायचें नाहीं, बुचाच्या झाडाखालीं बसून फुलांचा वास घ्यायचा आहे. एवढीच कथा, दहा मिनिटांत वाचून होणारी. डिस्नेच्या मंडळींनीं 1938 सालीं तिचा आठेक मिनिटांचा चित्रपट केला, आणि त्यास ऑस्कर मिळालें. पुढें 2017 सालीं दुसऱ्या एका कंपनीनें त्याच पुस्तकाचा सुमारें पावणेदोन तासांचा कौटुंबिक चित्रपट काढला. तो मीं नातवंडांसह पाहिला. मुलें हंसलीं, मीही हंसलों. परंतु वेळ भरून काढण्यासाठीं त्यांत बडबडी शेळी, तोऱ्यांतले घोडे आणि पळापळ इतकी आणली आहे कीं, तो बिचारा वळू स्वस्थ बसतोच मुळीं क्षणभर. आणि त्याचें स्वस्थ बसणें हीच तर गोष्ट! पाहुण्यांच्या गर्दींत यजमान उपाशी राहावा, तशांतली ही गत आहे. याच्या तुलनेंत अक्कांनीं पुष्कळ गाळलें, पण भर घातली नाहीं. जी घातली ती शेवटच्या आंब्यांच्या प्रसंगाची, आणि ती मात्र फार गोड आहे. गोष्ट ऐकून झाल्यावर मुलें स्वतः मिळून युक्तीनें आंबे पाडतात. ऐकलेली गोष्ट लगेच करून पाहणें हा मुलांचा स्वभावच आहे.

तरीही राजाचा प्रश्न उरतोच. राजाचा त्याग पडद्यावर दाखवितां येत नाहीं, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्यें येऊन येथील कलावंतांस शिकवूं लागले, आणि 1957 सालीं तेथें 'द बॅन्यन डिअर' हा चित्रपट तयार झाला, तो एका जातककथेवरून. तीत गाभण हरिणीऐवजीं कळपाचा राजा स्वतःची मान पुढें करतो. हा प्रसंग हाच त्या कथेचा प्राण. हें मीं सूनबाईस सांगितलें. ती म्हणाली, "मग ती गोष्ट त्या राजाची झाली. ही ह्या पक्ष्यांची आहे." आमचा वाद तेथेंच राहिला आहे, आणि एकमेकांचें थोडेंबहुत पटूनही राहिला आहे.

हा सर्व वेळ माझे थोरले बंधु झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांना ऐंशीवें चालू आहे. वडील अकालीं गेले तेव्हां दादांनीं नववींतून शाळा सोडली आणि कारखान्यावर वजनकाट्याचें काम धरलें. मला मॅट्रिक केलें, पुढें शिक्षकाच्या शिक्षणास धाडलें. दोघी बहिणींचीं लग्नें केलीं. आणि या घराच्या सर्व खोल्यांस गिलावा झाल्यावर मग स्वतःच्या खोलीस केला. यंदाच्या सुटींत घरांत दोन चुली करण्याची गोष्ट निघाली होती. मुलांच्या नोकऱ्या दूर, सणवारीं येणें-जाणें अवघड, त्यांचेंही खोटें नाहीं. त्या बोलण्यांत दादांनीं अवाक्षर काढलें नाहीं. मात्र नातवानें जेव्हां मला विचारलें, "राजाचे पाश शेवटीं कां?" तेव्हां मी उत्तर देण्यापूर्वीं तेच म्हणाले, "अरे, वरच्या फांदीवर बसणाऱ्याला आधीं खालचे मोजावे लागतात." आणि पुन्हां झोका घेऊं लागले.

त्यानंतर मुलांनीं आपला स्वतःचा चित्रपट करण्याचें मनावर घेतलें. दादासाहेब फाळक्यांनीं 1915 सालीं 'आगकाड्यांची मौज' या चित्रपटांत काड्या रेसभर सरकवून एकेक चित्र टिपलें आणि निर्जीव काड्यांस नाचविलें, ही हकीकत मीं सांगितली होती. आणि पुढें 1934 सालीं आपल्या प्रभातनें 'जंबूकाका' हा हालत्या चित्रांचा खेळ काढला, हेंही. मग काय विचारतां! पुठ्ठ्याचे पारवे कापले गेले, माजघराच्या फरशीवर निळी चादर आभाळ म्हणून अंथरली, आणि सूनबाईचा फोन दोन पाटांच्या आधारानें उलटा टांगला. पक्षी बोटभर सरकवायचा, हात काढायचा, चित्र टिपायचें. सेकंदास दहा चित्रें पुरेत असें थोरल्या नातीनें ठरविलें. दिवसभराच्या खटपटीनंतर पारवे अठरा सेकंद उडाले. त्यांत दोन ठिकाणीं धाकट्याचा अंगठा आभाळांतून गेला आहे. तो काढून टाकण्यास त्याची संमति नाहीं.

त्यांच्या खेळांत उंदीर पुष्कळ आहेत, अकरा. पण राजाही आहे. त्याच्या गळ्यास मुलीनें टिकलीचे चमकते तुकडे लावले, कारण चित्रग्रीव या नांवाचा अर्थ मीं तिला सांगितला होता. सर्वांचे दोरे कापून झाले, पारवे एकामागून एक चादरीच्या कडेबाहेर गेले, आणि राजाचा एकट्याचा पाश तेवढा तुटावयाचा राहिला, तोंच नाशिकच्या मंडळींची निघण्याची वेळ झाली. सूनबाईनें चादर झटकली नाहीं. जाळें, राजा आणि एक उंदीर असे तिघेही जसेच्या तसे त्या जुन्या पुस्तकाच्या पानांत ठेवले. दिवाळींत उरलेला भाग टिपायचा, असें ठरलें आहे. परवां दादा फडताळ उघडून तें पान पाहत होते. मला म्हणाले, "दोरा नीट ठेव रे, हरवायचा नाहींतर."