मोटार आणि नगरजीवन

जबलपूरचे नाव निघाले की महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधारचा प्रपात उभा राहतो. पाहुणे येतात, तेवढे पाहतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. परंतु या नगराची दुसरीही एक ओळख आहे आणि आजच्या विषयाशी तिचा निकटचा संबंध आहे. 1904 साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आणि 1969 साली खास वाहनांसाठी आणखी एक कारखाना स्थापन झाला. भारतीय सैन्याने वर्षानुवर्षे वापरलेला ‘शक्तिमान’ ट्रक आणि ‘जोंगा’ गाडी जबलपुरातच तयार होत. ‘जोंगा’ या नावातील आद्याक्षरसुद्धा जबलपूरचेच आहे. आता यातील गंमत अशी, की ज्या हातांनी सैन्यासाठी एवढ्या मोटारी घडविल्या, ते हात सकाळच्या पाळीला येताना सायकलीच्या मुठींवर असत. सुटीचा भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, आणि थोड्याच वेळात रस्ता पुन्हा रिकामा होई.

हे केवळ तुटपुंज्या पगारामुळे घडत होते, असे समजणे बरोबर होणार नाही. कारखाने काढताना सरकारने त्यांच्या शेजारीच कामगारांच्या वसाहती बांधल्या. घर, शाळा, दवाखाना, बाजार आणि कामाची जागा ही सारी सायकलीच्या टप्प्यात आली. नगररचनेच्या पुस्तकांत आज ज्या व्यवस्थेची वाखाणणी होते ती येथे निव्वळ गरजेपोटी झाली होती. कामगार वेळेवर फाटकात हजर असावा एवढाच त्यामागचा हेतू. त्याच्या फुप्फुसांची चिंता कोणी केली होती, असे मुळीच नाही!

श्रोतेहो, येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मोटार बाळगणे ही एक गोष्ट, आणि मोटारीवाचून पदोपदी अडणे ही दुसरी. पहिली ज्याच्या त्याच्या ऐपतीची आणि आवडीची बाब आहे. दुसरी मात्र कोणा एका माणसाच्या हाती नसते; ती नगराच्या मांडणीने ठरते. घर एकीकडे, कचेरी दुसरीकडे, शाळा तिसरीकडे आणि भाजीबाजार चौथीकडे अशी विभागणी झाली, की काटकसरी गृहस्थालाही वाहन घ्यावेच लागते. मग आपण म्हणतो, की लोकांना मोटारींचा सोस लागला आहे.

मुंबईचे उदाहरण पाहावे. एवढ्या अफाट नगरात आयुष्यभर मोटार न घेतलेली सुखवस्तू कुटुंबे दादर-गिरगावात पुष्कळ सापडतील, आणि त्यांना त्यात काही उणे वाटत नाही. इमारतीच्या तळमजल्यावर वाण्याचे दुकान, कोपऱ्यावर डॉक्टर, जवळच शाळा आणि लोकलचे स्थानक. 1853 साली मुंबईत आगगाडी सुरू झाली आणि पुढे नगर त्या रुळांच्या कडेकडेने वाढत गेले. मोटारींचा सुकाळ झाला तो फार नंतर. महासाथीपूर्वी मुंबईच्या उपनगरी गाड्या दररोज सुमारे 75 लाख उतारूंची ने-आण करीत. अर्थात हे चित्र गुलाबी रंगवण्याचे कारण नाही. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी मुंबईच्या लोहमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. मोटारीवाचून जगण्याची सोय आणि तसे जगण्याची सुरक्षितता या दोहोंत केवढे अंतर राहू शकते, ते यावरून दिसते.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे अमेरिकेतील ह्यूस्टन. तेथील एका महामार्गाचे रुंदीकरण 2008 साली पूर्ण झाले. काही ठिकाणी त्यावर वीसहून अधिक पट्टे आहेत. थोडी वर्षे मार्ग मोकळा राहिला. परंतु 2014 पर्यंत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा रेंगाळू लागला. यात चमत्कार काही नाही. रस्ता मोकळा दिसला की माणूस आणखी दूर घर घेतो, एरवी टाळली असती अशी फेरी मारतो, आणि रिकामी जागा भरून जाते. मूळ अडचण आहे ती जागेची. साडेतीन मीटर रुंदीच्या एका पट्ट्यातून तासाभरात मोटारींनी सुमारे दोन हजार माणसे जाऊ शकतात; तेवढ्याच पट्ट्यातून सायकलींनी दहा हजारांहून अधिक, आणि पायी त्याहूनही जास्त. शिवाय मोटार दिवसातील बहुतेक वेळ उभीच असते, आणि उभी असतानाही एका लहान खोलीएवढी जागा अडविते. त्या जागेचे भाडे जवळजवळ कोठेच कोणी देत नाही.

आता पुन्हा जबलपूरकडे वळू. 2011 च्या जनगणनेत नगराची वस्ती दहा लाखांच्या वर गेली होती. त्या जनगणनेनुसार देशातील शंभर घरांपैकी सुमारे पाच घरांत मोटार होती, एकवीस घरांत स्वयंचलित दुचाकी आणि पंचेचाळीस घरांत सायकल. त्यानंतर मोटारी व दुचाक्या पुष्कळ वाढल्या, हे खरेच. नगरही नर्मदेच्या आणि नागपूर रस्त्याच्या दिशेने पसरले, आणि निवृत्त झाल्यावर कारखान्याचे क्वार्टर सोडून लोक नव्या वसाहतींत राहावयास गेले. तेथे अंगण आहे, हवा आहे. परंतु औषध आणावयाचे तर मुलगा कामावरून येईपर्यंत थांबावे लागते. ज्याने चाळीस वर्षे कोणाच्या उपकाराविना सायकलीवर नोकरी केली, त्याला उतारवयात दुसऱ्याच्या वाहनाची वाट पाहावी लागावी, ही पराधीनता लहानसहान नव्हे.

2025 च्या ऑगस्टमध्ये मदनमहाल ते दमोह नाका हा सुमारे सात किलोमीटरांचा उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. वाहन हाकणाऱ्याची त्यामुळे मोठी सोय झाली, आणि तिचा लाभ मीही घेतो. परंतु पुलावरून बस नेली तर मधल्या वस्त्यांतील उतारूंना तिचा उपयोग नाही. आणि पायी चालणाऱ्याला पुलाखालचाच रस्ता ओलांडावा लागतो. आपल्याकडे रस्त्याच्या कामाची फाईल जलद चालते आणि पदपथाची टेबलाटेबलांवर विसावा घेत जाते, हा सरकारी नोकरीतील माझा अनुभव. याची किंमत कोण देतो? 2022 साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांत 32,825 पायी चालणारे होते, आणि दुचाकीवरील मृतांचे प्रमाण 44 टक्क्यांहून अधिक होते. मोटारीत बसलेल्यांपेक्षा मोटारीबाहेरची माणसेच या आकड्यांत फार मोठ्या संख्येने आहेत.

तथापि, मोटारीला खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही. मे महिन्यात जबलपूरचा पारा 42-43 अंशांवर चढतो, तेव्हा दुपारी सायकल चालविण्याचा उपदेश खोलीत बसून करणे सोपे असते. आजारी माणूस, बाळंतीण, रात्रपाळीहून परतणारी परिचारिका यांना बंद वाहनाची खरी गरज असते. शिवाय यंत्राला बंदी घातली तरी ओझे नाहीसे होत नाही. मुंबईजवळच्या माथेरानमध्ये मोटारींना पूर्वीपासून मज्जाव आहे. तेथील शांततेचे आपण कौतुक करतो. पण त्या शांततेत माणसांनी माणसांना हातरिक्षांतून चढावर ओढून नेले. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

म्हणून मोटार हवी की नको, या वादापेक्षा मला एक साधी कसोटी अधिक उपयोगी वाटते: ज्याच्या घरी मोटार नाही, त्याला दवाखाना, शाळा, बाजार आणि काम यांपर्यंत स्वतःच्या बळावर पोहोचता येते काय? 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे असे म्हटलेच आहे. पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी जागा असावी, असा संकेतही आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर कोणालाही रस्त्यावर उतरावे लागू नये, एवढीच ती रुंदी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याच्या पदपथावरील हक्काचा संबंध थेट जीविताच्या अधिकाराशी जोडला. त्यामुळे आता नियमांचा तुटवडा नाही. रोहित्र, पानाची टपरी, दुकानाची पायरी आणि उभी केलेली मोटार यांच्यामधून ती 1.8 मीटर जागा मोकळी काढणे तेवढे उरते, आणि ते काम उड्डाणपूल बांधण्याहून स्वस्त असले तरी सोपे नाही. कारण पुलाला कोणी हरकत घेत नाही, पायरी काढावयास गेले की सारा बाजार गोळा होतो.

त्याच बाजाराचे एक मात्र पाहण्यासारखे आहे. जुन्या जबलपुरात बडा फुहाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की मोठी मोटार घेऊन आलेला गृहस्थही ती कोठेतरी दूर उभी करतो आणि उरलेली वाट, पिशवी हातात घेऊन, इतरांच्या बरोबरीने पायीच चालतो.