दारूचे प्रमाण

रायफलच्या काडतुसात पाहू गेल्यास चारच वस्तू आढळतात: पितळेचे कवच, त्याच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील दारू आणि तोंडाशी दाबलेली गोळी. यांपैकी कवच तेवढे बार झाल्यानंतरही शाबूत राहते, आणि काडतुसाच्या किमतीचा मोठा हिस्सा त्या पितळेतच असल्यामुळे, ते पुन्हा मापात आणून, नवी टोपी बसवून, दारू तोलून भरून आणि वर गोळी दाबून नवे काडतूस सिद्ध करण्याचा घरगुती उद्योग अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे निष्ठेने चालत आला आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून काडतूस तयार करण्यास मनाई असल्याने या विद्येचा परिचय थोड्यांनाच आहे. परंतु दारूचे प्रमाण खालून वर, पायरीपायरीने नेण्याची जी शिस्त तिच्या गाभ्याशी आहे, ती कोणत्याही कारागिराने आदराने न्याहाळावी अशीच आहे.

काळ्या दारूच्या काळात या शिस्तीची निकड फारशी नव्हती. कवच काठोकाठ भरावे आणि गोळी बसवावी, एवढाच दंडक असे, आणि कवचाचा आकारच भरणाऱ्याचा हात आवरीत असे. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकट प्रांतातील न्यू हेवन येथे घरी काडतुसे भरण्याची हत्यारे बनविणारी ‘आयडियल’ कंपनी स्थापिली, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने धूमरहित दारू सिद्ध केली. ही नवी दारू काळीच्या कित्येक पट समर्थ होती, आणि तिच्या अनेक जातींच्या बाबतीत कवच भरण्यापूर्वीच धोक्याची मर्यादा ओलांडली जाऊ लागली. जुन्या सवयीने नवी दारू मापट्याने ओतणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या, आणि तेव्हापासून मापट्याची जागा तराजूने घेतली.

या दारूचा स्वभाव समजल्यावाचून पुढील सारी खबरदारी निरर्थक वाटेल. तिचा प्रत्येक कण पृष्ठभागाकडून आत थराथराने जळतो; परंतु भोवतालचा दाब जितका अधिक, तितके हे ज्वलन शीघ्र, आणि ज्वलन जितके शीघ्र तितका दाब अधिक. म्हणजे दाब स्वतःलाच वाढवीत जातो, आणि हे सर्व सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपते. म्हणूनच प्रमाणाच्या वरच्या टोकाशी घातलेला एक ग्रेन खालच्या टोकाशी घातलेल्या ग्रेनाइतका निरुपद्रवी नसतो. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, आपल्या अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक.

इतका क्षणिक दाब मोजावा कसा? अमेरिकन तोफखात्याचे टॉमस रॉडमन यांनी तोफेतील दाबाने तांब्याच्या पट्टीवर धारदार पात्याचा ठसा उमटविण्याची युक्ती योजिली, आणि त्यानंतर इंग्लंडात अँड्र्यू नोबल यांनी तिला अधिक नेमके रूप दिले. नळीच्या कोठ्यास भोक पाडून त्यात दट्ट्या बसवावा, दट्ट्यावर तांब्याची लहानशी कांडी ठेवावी, आणि बार झाल्यावर ती किती चेपली हे सूक्ष्ममापकाने मोजून कोष्टकाशी ताडून पाहावे. या साधनाने दीर्घकाळ इमानाने सेवा केली; पण तांबे चेपण्यास वेळ लागतो आणि दाब तर त्याआधीच ओसरू लागतो, म्हणून कांडीचा आकडा खऱ्या शिखराहून खालीच राहतो. १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या .३०-०६ काडतुसाची कमाल मर्यादा तांब्याच्या मापाने ५०,००० आणि दाबविद्युत् स्फटिकाच्या मापाने चौरस इंचास ६०,००० पौंड अशी नमूद आहे. मर्यादा एकच, साक्षीदार दोन. आणि एका आकड्यावरून दुसरा काढण्याचे सर्व काडतुसांना लागू पडणारे सूत्र नाही.

कारखान्यापाशी हे साधन असते. दारूचा नवा घाणा आला की तो तपासून त्याप्रमाणे वजन बदलले जाते. घरी भरणाऱ्यापाशी असतो तो केवळ तराजू, आणि दारू किंवा गोळी विकणाऱ्या कंपनीने छापलेली कोष्टके. त्यांतील कमाल प्रमाण हे प्रयोगशाळेतील एका विशिष्ट नळीत, विशिष्ट कवच, टोपी आणि गोळी घेऊन ठरविलेले असते. ते वाचणाऱ्याच्या रायफलबद्दलचे वचन नव्हे. यास्तव जेथे आरंभीचे प्रमाण वेगळे दिलेले नसेल तेथे कमालीच्या दहा टक्के खालून प्रारंभ करावा, आणि थोडेथोडे चढत जावे, असा परिपाठ आहे. याला अपवादही आहेत, आणि ते जिवावरचे आहेत: ‘एच ११०’ ही पिस्तुलांच्या मोठ्या काडतुसांत वापरली जाणारी दारू कमाल प्रमाणापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक कमी करू नये, असे तिचे विक्रेतेच बजावतात. कमी म्हणजे सुरक्षित, हा समज येथे टिकत नाही.

चढताना खुणा पाहतात. टोपी चपटी झाली का, कवचाच्या बुडावर झळाळता ठसा उठला का, बोल्ट उचलताना जड लागतो का. या खुणांवर पुष्कळ अनुभवी माणसांचा भरवसा असतो. माझ्या मते तो अस्थानी आहे. टोप्यांची धातू मऊ किंवा कठीण असते, त्यामुळे एक टोपी सुरक्षित दाबालाही चपटी होते आणि दुसरी अतिरेकानंतरही गोल राहते. आणि बोल्ट जड लागू लागतो तो बहुधा मर्यादा बरीच मागे पडल्यावर. जड बोल्ट दिसला की थांबावेच, पण तो न दिसणे म्हणजे अभय नव्हे. घरच्या माणसाला त्याहून विश्वासार्ह साक्ष मिळते ती वेगमापकाची. तितक्याच लांबीच्या नळीतून, त्याच घटकांनिशी, कोष्टकातील कमाल वेग कमी दारूतच गाठला गेला, तर दाबही तेथवर पोहोचला असे मानून तिथेच हात आवरावा, पुस्तकात आणखी दीड ग्रेनाची मुभा असली तरी.

आणि कोणताही घटक बदलला की चढण पुन्हा तळापासून. दुसऱ्या कारखान्याचे कवच जाड असले तर आतील जागा घटते. गोळी नळीच्या आतील आट्यांना टेकेल इतकी पुढे बसविली तर दाब उसळतो. थंडीत ठरविलेले कमाल प्रमाण उन्हात तापलेल्या काडतुसात मर्यादेबाहेर जाऊ शकते. म्हणून जाणते भरणारे प्रत्येक पेटीवर दारूचे नाव, तिच्या घाण्याचा क्रमांक, वजन, कवच, टोपी, गोळी आणि तारीख लिहितात, आणि चिठ्ठी हरवलेली काडतुसे उडवीत नाहीत. ती सुटी करून पितळ तेवढे पुन्हा कामास घेतात.