गांजा कायदेशीर करावा का? व्यक्तिस्वातंत्र्य आणि अर्थकारणाचे युक्तिवाद

भांग आणि गांजा एकाच झाडापासून मिळतात. तरी उत्तर प्रदेश, राजस्थान यांसारख्या राज्यांत भांग परवानाधारक दुकानांत मिळते, आणि गांजा जवळ बाळगल्यास तुरुंगवास होऊ शकतो. हा भेद १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातील व्याख्येतून येतो. या कायद्याने झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि त्याची राळ म्हणजे चरस यांवर बंदी घातली. फुलोऱ्याशिवायची पाने व बिया व्याख्येबाहेर ठेवल्या. १ किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो, पण तेवढ्यासाठीही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. माफक सेवनाचे दुष्परिणाम फारसे नाहीत, अतिसेवन मात्र घातक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून संपूर्ण बंदीऐवजी परवाने आणि कर यांद्वारे नियंत्रण ठेवावे, अशी शिफारस त्याने १८९४ मध्ये केली. (या व्यापारातून सरकारला महसूल मिळत होता, हेही ध्यानात ठेवावे.)

आता स्वातंत्र्याचा युक्तिवाद पाहू. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात हानीचे तत्त्व मांडले. प्रौढ व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध सक्ती करायची असेल, तर इतरांची हानी टाळणे हेच त्याचे समर्थन होऊ शकते. तिचे स्वतःचे भले हे पुरेसे कारण नाही. यावर प्रबळ आक्षेप व्यसनाचा आहे: ज्याला सवय सुटत नाही, त्याची निवड कितपत स्वतंत्र? समर्थक म्हणतात की दारू आणि तंबाखूलाही हाच आक्षेप लागू होतो, आणि तेथे आपण वयोमर्यादा घालतो, नशेत गाडी चालवणाऱ्याला शिक्षा करतो, पण पिणाऱ्याला केवळ पिण्यासाठी सहसा गुन्हेगार ठरवत नाही. गुजरात आणि बिहार यांनी दारूबाबत वेगळा मार्ग घेतला आहे, त्यामुळे भारतात हे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही.

आर्थिक युक्तिवाद वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो. बंदीने मागणी नाहीशी होत नाही. पुरवठा करणाऱ्याची जोखीम वाढते आणि ती जोखीम किमतीत मिसळते. हा वाढीव पैसा सरकारकडे न जाता तस्करांकडे जातो. व्यवहार बेकायदा असल्याने फसवणूक झाली तर न्यायालयात जाता येत नाही. तंटे बळावर मिटवले जातात. मालात काय मिसळले आहे, हे ग्राहकाला कळत नाही. अर्थतज्ज्ञ जेफ्री मायरन यांनी २००५ मध्ये अंदाज मांडला की अमेरिकेत गांजावरची बंदी उठवल्यास सरकारचा वर्षाला सुमारे ७.७ अब्ज डॉलर खर्च वाचेल, आणि दारू-तंबाखूसारखा कर लावल्यास सुमारे ६.२ अब्ज डॉलर महसूल मिळेल. या अहवालाचा आधार घेऊन खुल्या चर्चेची मागणी करणाऱ्या पत्रावर पाचशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी सह्या केल्या. मिल्टन फ्रीडमन त्यांत होते.

विद्यार्थी हे दोन्ही युक्तिवाद एकच समजतात, ते बरोबर नाही. स्वातंत्र्याचा युक्तिवाद एक रुपयाही महसूल मिळाला नाही तरी टिकतो. महसुलाचा युक्तिवाद मात्र सरकारला विक्री वाढण्यातच हितसंबंध देतो. उरुग्वेने २०१३ च्या कायद्यात हे ओळखून नोंदणीकृत प्रौढांनाच, सरकारने ठरवलेल्या किमतीत, औषधालयांतून विक्रीची सोय केली; उद्देश कमाईचा नव्हता, तस्करांचा बाजार तोडण्याचा होता. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून खुली विक्री सुरू झाली आणि कराचा काही भाग शाळांच्या इमारतींसाठी राखला गेला.

कर फार वाढवला तर पहिलाच हेतू फसतो. कॅलिफोर्नियात २०१८ पासून प्रौढांसाठी विक्री सुरू झाली, पण लागवडीवरचा, विक्रीवरचा आणि स्थानिक असे कर एकावर एक चढले. परवान्याचा माल महाग राहिला आणि बेकायदा बाजार चालूच राहिला. अखेर जुलै २०२२ पासून राज्याने लागवडीवरचा कर रद्द केला.