विश्वास माणसावर, पारख गाडीची

पहाटे पाचच्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातून द्रुतगती मार्गाकडे वळणाऱ्या मोटारींत व्यापारी घरांतील तरुण हमखास दिसतात. कोणाचा वाशीच्या बाजार समितीत गाळा असतो, कोणाचे भिवंडीला गोदाम, तर कोणाला मशीद बंदरच्या पेढ्यांवर उधारी-वसुलीसाठी जावे लागते. सुमारे ९४ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे शक्य झाले. त्याबरोबर घरातील मोटारीचे कामही बदलले. पूर्वी लग्नकार्याला आणि तीर्थयात्रेला बाहेर पडणारी गाडी आता व्यवसायाचे साधन झाली आहे.

अशा प्रवासासाठी नवी गाडी घेणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि दरवेळी ते शहाणपणाचेही नसते. वापरलेली गाडी घ्यायची ठरली की व्यापारी कुटुंबात पहिला फोन नात्यातल्या किंवा ओळखीच्या माणसाला जातो. "घरचीच गाडी आहे, घेऊन जा, कागदाचे नंतर पाहू," असे प्रेमाने सांगितले जाते. सौदा पाच मिनिटांत ठरतो. पेढीवर दहा हजारांच्या मालाचाही नमुना पाहणारा माणूस पाच लाखांची गाडी मात्र शब्दावर घेतो. देणाऱ्याच्या सचोटीबद्दल शंका नसली, तरी गाडीच्या टायरला आणि ब्रेकला ती सचोटी ठाऊक नसते.

आधी धावेचा हिशेब

गाडी पाहण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. चिंचवडहून वाशीला जाऊन परत येणे साधारण २२० किलोमीटर धरू. आठवड्यातून तीन फेऱ्या म्हटल्या तर वर्षाला सुमारे ३४ हजार किलोमीटर होतात. हिशेबाच्या सोयीसाठी डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर मानावे. लिटरला २० किलोमीटर देणारी डिझेल गाडी वर्षाला १,५३,००० रुपयांचे इंधन घेते. १६ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी २,२१,००० रुपयांचे. फरक ६८ हजारांचा. डिझेल गाडीची जास्त किंमत आणि देखभालीचा वाढीव खर्च एवढ्या धावेत भरून निघू शकतो. आठवड्याला एकच फेरी असेल, तर हाच फरक २३ हजारांच्या आत येतो आणि साधी पेट्रोल गाडी बरी ठरते. सीएनजी याहूनही स्वस्त पडतो. मात्र पंपावरच्या रांगेचा वेळ, सामानाच्या जागेत बसलेली टाकी आणि घाटात जाणवणारी कमी ताकद हिशेबात धरावी. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाल्याचे प्रमाणपत्रही मागावे.

दुसरा हिशेब घसाऱ्याचा. पाच लाखांत घेतलेली गाडी तीन वर्षांत १,०२,००० किलोमीटर चालून दोन लाखांना विकली गेली, तर प्रत्येक किलोमीटरला सुमारे तीन रुपये घसारा बसतो. अकरा लाखांची नवी गाडी तेवढीच चालून साडेपाच लाखांना गेली, तर तोच आकडा सुमारे पाच रुपये चाळीस पैसे होतो. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत. पद्धत हीच ठेवावी. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा भाव करताना तिची त्या काळची किंमत न धरता त्याच गाडीची आजची नवी किंमत समोर ठेवावी.

हातात पाच लाख असतील, तर सव्वाचार लाखांचीच गाडी पाहावी. उरलेले पाऊण लाख टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि नाव हस्तांतरणासाठी लागतात. कर्ज घेतल्यास मुदत तीन वर्षांपलीकडे नेऊ नये. एवढ्या धावेची गाडी त्यानंतर थकू लागते, आणि थकलेल्या गाडीचे हप्ते फार जड वाटतात.

गाडीची खतावणी

दुकानाची प्रकृती जशी खतावणीवरून कळते, तशी गाडीची सर्व्हिसच्या नोंदींवरून. कंपनीच्या अधिकृत केंद्रात गाडीच्या क्रमांकावरून प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर पाहता येतात. ते मालकाकडून मागून घ्यावेत. मीटर मागे फिरवले असेल, तर ते येथेच उघडे पडते. मीटर चाळीस हजार दाखवतो आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंगची कातडी झिजली आहे, असे दिसले तर पुढे बोलणी करू नयेत. याउलट नव्वद हजार किलोमीटर चाललेली, पण वेळेवर ऑइल बदललेली आणि मुख्यतः महामार्गावर धावलेली गाडी शहरातील गर्दीत कुथलेल्या चाळीस हजारांच्या गाडीपेक्षा अधिक सुदृढ असू शकते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा विक्रीला येऊ शकते. तिची खूण गालिच्याखाली, आसनाच्या गंजलेल्या रुळांत आणि पूर्ण बाहेर ओढलेल्या सीट बेल्टच्या टोकाशी असलेल्या मातीच्या रेषेत सापडते. पूर्वीच्या विमादाव्यांची माहितीही विचारावी.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. साचलेली काजळी गाडी सलग वेगाने चालली की जळून जाते. केवळ शहरात रांगणाऱ्या गाडीत ती तुंबते. त्यामुळे अशी गाडी महामार्गाच्या प्रवाशाला मानवते, परंतु आधीचा मालक ती कोठे चालवत होता, हे विचारणे आवश्यक आहे.

महामार्गाची परीक्षा

गल्लीत फेरी मारून महामार्गाची गाडी निवडता येत नाही. सकाळी इंजिन थंड असताना ती सुरू करून पाहावी. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. न थांबणारा पांढरा धूर कूलंट इंजिनात जात असल्याची शंका निर्माण करतो. मग मोकळ्या रस्त्यावर ८० ते १०० च्या वेगाने चालवावी. स्टिअरिंग थरथरणे, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढणे, एसी लावून चढ चढताना तापमानाचा काटा वर जाणे, हे दोष तेथेच कळतात. सोबत आपला विश्वासू मेकॅनिक असावा. त्याची फी ही सौद्यातील सर्वांत स्वस्त रक्कम असते.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली, तरी सहा वर्षांचा टायर सलग वेगासाठी घेऊ नये. गोटा झालेल्या टायरचा तर प्रश्नच नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा प्रवेशापाशीच टायर तपासण्याची वेळ आली. तापलेल्या सिमेंट-काँक्रीटवर तासन्‌तास धावताना कमी हवेचा किंवा म्हातारा टायर दगा देतो. खंडाळ्याच्या उतारावर ब्रेकची परीक्षा होते. तेथे खालच्या गिअरमध्ये उतरावे हे खरे, पण ब्रेक पॅड आणि डिस्क विकत घेतानाच तपासलेले असावेत.

सर्व नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून, चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या आसनापुढची जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीची गाडी घेताना या गोष्टी तिच्यात आहेत का, हे मॉडेलनिहाय पाहावे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच आणि मारुती विटारा ब्रेझाला चार तारे मिळाले होते. होंडा सिटी किंवा मारुती सियाझसारखी लांब, बुटकी सेडान वेगात स्थिर राहते आणि पाठीला आराम देते. टोयोटा इटिऑस टिकाऊपणासाठी ओळखली जाते. मात्र ती टॅक्सी म्हणून बरीच वापरली गेली असल्याने खासगी नोंदणीचीच पाहावी. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या थांबवल्या. तिची जुनी डिझेल गाडी घेताना वयाचा विचार करावा, कारण खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणीनंतर पाच वर्षांनी वाढते.

कागद ‘नंतर’ नकोत

सर्वांत मोठा धोका गाडीत नसून ‘कागदाचे नंतर पाहू’ या वाक्यात आहे. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. एमपरिवहन ॲपवर थकलेले चलान, विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद पाहून घ्यावी. परराज्यातील स्वस्त गाडीला तेथील ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा कर हे दोन खर्च जोडावेत. खरेदीनंतर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही.

हे न केल्यास काय होते? गाडी काकांच्या नावावर, पॉलिसीही त्यांचीच, आणि चालवणारा पुतण्या. अपघात झाला, तर पुतण्याने किंमत मोजून घेतलेल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. मालक-चालकासाठीचे १५ लाखांचे अपघात संरक्षण काकांच्या नावाचे असते. पुतण्याच्या पत्नी-मुलांना त्यातून काही मिळत नाही. गाडी भागीदारी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर असे संरक्षण पॉलिसीत दिलेच जात नाही. चालवणाऱ्यासाठी स्वतंत्र अपघात विमा घ्यावा लागतो, ही गोष्ट अनेक पेढ्यांना ठाऊक नसते. विकणाराही सुटत नाही. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रेमापोटी दिलेली गाडी देणाऱ्यालाच न्यायाधिकरणापुढे उभी करू शकते.

दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. व्यवहार बँकेतूनच करावा. जीएसटी नोंदणी असलेल्या पेढीने घसारा घेतलेली गाडी विकली, तर विक्री किंमत आणि घसारा वजा जाता उरलेली किंमत यांतील नफ्यावर १८ टक्के कर लागतो, हे आपल्या करसल्लागाराला आधी विचारावे.

घड्याळाशी शर्यत

अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे. हिवाळ्यात सहाच्या आत घर गाठण्यासाठी वाशीहून निघालेला तरुण घाटात वेग वाढवतो आणि घरी आई दाराशी घड्याळ पाहत बसते. उत्तम ब्रेक आणि नवे टायर असलेली गाडीही त्या घाईपुढे अपुरी पडते. यावर उपाय सोपा आहे: सकाळीच संध्याकाळचा डबा गाडीत ठेवावा, वाटेत फूड मॉलच्या वाहनतळावर थांबून नेम पाळावा आणि मग शांतपणे घाट चढावा. गाडी निवडताना घरातील वडीलधाऱ्यांनी किंमत विचारावी, मायलेज विचारावे. आणि चावी हातात देण्यापूर्वी नोंदणी पुस्तकावर मुलाचे नाव आले का, एवढे मात्र स्वतः वाचून पाहावे.